माशीघरातून पतंगघराला

६ फेब्रुवारी

बारके,

तुझ्या संग्रहालयाचं मागणीपत्र सोमवारी आलं. ‘मा. व्यवस्थापक यांस’. खाली तुझी सही. सही बघून मी चहाचा कप टेबलावर ठेवायला गेले तो काठावर ठेवला गेला आणि फुटला. मा. व्यवस्थापक म्हणजे मी, तुझी सख्खी बहीण, हे तुला माहीत नव्हतं असं सांगू नकोस. पाकिटावरचा पत्ता तुझ्या अक्षरात आहे. त्या पत्त्यावर तू एकोणतीस वर्षं राहिलीस.

नऊ वर्षांत एक ओळ नाही आणि आता एकदम दीडशे कार्डं, दर पंधरा दिवसांनी, सहा खेपा. वाचून आधी मला हसूच आलं. तुमच्याकडच्या लोकरीच्या पडद्यांना, गालिच्यांना, जुन्या गणवेशांना कसर लागलीय, औषध फवारलं तर कापडाचा रंग उतरतो, म्हणून कसरीच्या अंड्यांवर सोडायला आपल्या माश्या हव्यात. अगं, अर्धं आयुष्य तू पतंग पोसलेस. भरड धान्यात वाढवलेस, त्यांच्या पंखांची धूळ नाकातोंडात जाऊन शिंकत बसायचीस. आणि आता त्यांच्याच चुलत भावंडांच्या जिवावर उठलीस. काय घोडं मारलं गं त्यांनी तुझं?

तुझ्या वरिष्ठांना समजावताना गोंधळ होऊ नये म्हणून लिहिते. तुला हे झोपेतही येतं, पण मला सांगायची हौस आहे. आपली माशी पूर्णविरामाच्या टिंबाएवढी. चावत नाही, भुणभुणत नाही, कापडाला तोंड लावत नाही. ती पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. आतलं पिल्लू ते अंडं आतून खाऊन संपवतं, अंडं काळं पडतं आणि आठवड्याभरात कापड खाणाऱ्या अळीच्या जागी आणखी एक माशी बाहेर पडते. कार्ड म्हणजे अशी माशी शिरलेली अंडी डिंकाने चिकटवलेला कागद. खायला अंडी उरली नाहीत की माश्याही संपतात. कुंच्याने झटकल्या की झालं.

इथलं सगळं तसंच आहे. तीच दोन घरं, मध्ये जाड भिंत, भिंतीत काचेच्या दोन झडपांची खिडकी. माशीघरात मी. पतंगघरात तुझ्या जागी एक मावशी आहेत, चष्मा लावतात आणि तो डोक्यावर ठेवून दिवसभर शोधतात. रोज सकाळी पतंगांची अंडी चाळून वाटीत भरतात, वाटी खिडकीत ठेवतात आणि पंजाने थाड थाड बडवतात. तू दोनदा टकटक करायचीस. बाबांनी दारावर रंगवलेला नियम मी दर वर्षी पुन्हा रंगवते: पतंगघरातून माशीघरात केव्हाही या. माशीघरातून पतंगघरात त्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी, डोक्यावरून आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून. एक माशी जरी पलीकडे गेली तरी पतंगांची पुढची पिढी काळी पडते, आणि पतंग नाहीत तर माश्या तरी कशावर वाढवायच्या.

बाबा अठ्ठ्याहत्तरचे झाले. डोळे अधू झालेत, माशी दिसत नाही. पण बोलायला कमी नाहीत. दोन घरांपुढच्या बोळात खुर्ची टाकून बसतात आणि हाताच्या अंदाजाने कार्डांचे कागद कापतात. एकही वाकडा जात नाही. तुझं नाव आमच्याकडे निघत नाही. पण चारच्या चहाला, म्हणजे तू दिवसातली शेवटची वाटी खिडकीत ठेवायचीस त्या वेळेला, ते बोलता बोलता थांबतात. रोज. मी बघते.

तू एकदा यावंस असं मला वाटतं. हे मी सहाव्या खेपेला लिहायचं ठरवलं होतं. सहा खेपा म्हणजे सहा पत्रं, हळूहळू मुद्द्यावर यायचं. पण मला कुठे धीर निघतोय. ये बारके. दोन दिवस ये. बाबांचा राग आता आहे की नुसती सवय उरलीय, हे त्यांनाही सांगता येणार नाही.

तुझी ताई
(मा. व्यवस्थापक)


२० फेब्रुवारी

बारके,

तुझा छापील पोच-कागद आला. ‘मिळालेली कार्डं: १५०. माश्या निघालेली अंडी: शंभरात नव्वद. शेरा: एक कार्ड ओलसर.’

एक कार्ड ओलसर! मी चार पानं लिहिली त्यावर हे तीन शब्द. तुझ्या ओलसर कार्डापायी मी खोक्यांचा अख्खा गठ्ठा उपसून काढला, मावशींना फैलावर घेतलं. त्या म्हणाल्या, घाम असेल. कुणाचा घाम, असं मी विचारल्यावर म्हणाल्या, तुम्ही ते खोकं बांधताना तीनदा सोडून परत बांधलंत ना. यापुढे हात पुसून बांधेन.

बाबांना सांगितलं. म्हटलं, धाकटीच्या संग्रहालयाची मागणी आहे. त्यांनी विचारलं, ‘किती?’ मी आकडा सांगितला. मग बराच वेळ नुसती कात्री चालली. मग म्हणाले की तिला सांग, कार्डं जमिनीलगत ठेवायची नाहीत, मुंग्या अंडी पळवतात. तिचं लक्ष नसतं. बघ, अजून तेच. पण तुझ्या खेपेचे दीडशे कागद त्यांनी दुसऱ्या कुणाला कापू दिले नाहीत. मी कात्रीला हात लावला तर खेकसले.

काल मी तुझ्या चिठ्ठ्यांचा डबा काढला. हो, ठेवल्यात. दिवसभर काचेच्या दोन बाजूंना आपण, बोललेलं ऐकू येत नाही. तुझी चिठ्ठी अंड्यांच्या वाटीखालून यायची, आणि इकडून तिकडे कागदाचा कपटाही पाठवायचा नाही म्हणून मी उत्तर मोठ्या अक्षरात लिहून काचेला लावून धरायची. ‘भाजी खारट आहे, डबा उघडू नकोस.’ ‘बाबांची स्वारी तुझ्याकडे येतेय, पुस्तक लपव.’ ‘माझ्या केसांत पतंग अडकलाय, हसू नकोस.’ तुझ्या एका चिठ्ठीवर नुसतं ‘कंटाळा’ लिहिलंय आणि खाली तारीख. कंटाळ्यालासुद्धा तारीख घालणारी तू, आणि बाबा म्हणतात लक्ष नसतं.

तुझं नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा मला आनंदच झाला होता. हे तुला कधी सांगायला मिळालं नाही. जुनी कापडं जपायची विद्या शिकायची, तीही एवढ्या लांबच्या संस्थेत, आपल्या घरातलं कुणी तिथवर पोचलं नव्हतं. पण पुढे दहाच दिवसांत पतंगघरात माश्या शिरल्या, अंडी काळी पडली, बाबांनी अठरा वर्षं जपलेला पतंगांचा वंश परसात जाळावा लागला. तू माझ्याकडे गप्पा मारायला आलीस आणि आंघोळ न करता परत गेलीस, असा बोल तुला लागला. तू गेलीस. जे झालं ते झालं. आता त्यात कुणाला धरायचं.

मावशी हाका मारताहेत. चष्मा सापडत नसेल.

तुझी ताई


६ मार्च

वापरण्याच्या सूचना

संग्रहालयाने शेऱ्यात कळवलं आहे की ‘कृपया खोक्यात वैयक्तिक पत्रं घालू नयेत.’ त्याप्रमाणे यावेळी पत्र घातलेलं नाही. या फक्त सूचना आहेत. सूचना वाचाव्याच लागतात.

कार्डं मिळाल्याबरोबर उघडावीत. प्रवासात काही माश्या आधीच निघतात आणि खोक्यात बसून राहतात. त्यांना जास्त ताटकळत ठेवू नये. पडद्यांच्या घड्यांमध्ये, गालिच्याच्या उलट्या बाजूला, गणवेशांच्या खणांत एकेक कार्ड ठेवावं. माशी लांब उडत नाही. ती चालत जाते. दोन-तीन हातांच्या पलीकडे तिला पोचवायचं तर आपणच नेऊन ठेवावं लागतं. म्हणून कार्डं जवळजवळ हवीत. लांब ठेवली तर मधल्या जागेत कसर सुखाने नांदते. हे कुठल्याही दोन गोष्टींना लागू आहे.

पहिल्या खेपेनंतर काही फरक दिसला नाही म्हणून नाद सोडू नये. जी अळी आधीच बाहेर आलीय तिचं माशी काही करू शकत नाही. ती खायची तेवढं खाणारच. माशी फक्त पुढचं थांबवते. झालेलं भोक बुजत नाही. ते तुम्हाला सुईदोऱ्याने बुजवावं लागेल आणि ते तुम्हाला उत्तम येतं, असं ऐकिवात आहे. माझ्या निळ्या स्वेटरच्या कोपराला केलेलं रफू अजून शोधून सापडत नाही.

कार्डं कापणाऱ्यांनी विचारलं आहे की कापडं ठेवता त्या खोलीत ऊन येतं का. ऊन येत असेल तर पडदा लावावा. त्यांनी हेही विचारलं आहे की तिथे राहायची खोली कशी आहे आणि स्वयंपाक कोण करतं. उत्तर शेऱ्याच्या रकान्यात दिलं तरी चालेल.

व्यवस्थापक


२० मार्च

बारके,

यावेळी तुझा शेरा रकान्यात मावला नाही, कडेने वर चढलाय. ‘सूचनांच्या पाकिटाच्या झाकणाला आतून कार्डाचा तुकडा चिकटलेला होता. पाकिटात चार जिवंत माश्या निघाल्या. हे पाकीट कुठे ठेवलं होतं?’

तीन दिवस तो कागद मी झग्याच्या खिशात घेऊन फिरतेय. मावशींनी विचारलं, बरं नाही का. बाबांना दिसत नाही, पण त्यांनीही विचारलं. मी म्हटलं, ॲसिडिटी.

आधी वाटलं लिहावं, टपालात कुठेतरी चिकटला असेल. मग वाटलं, तू मला ओळखतेस, शिवाय तू कार्डांनाही ओळखतेस.

तर उत्तर: माझ्या टेबलाच्या डाव्या खणात. पत्रं मी माशीघरातच लिहिते, जेवणाच्या सुट्टीत, आणि खोकं बांधेपर्यंत त्या खणात ठेवते. अंडी लावलेल्या कार्डांच्या कडा छाटताना उरलेले तुकडे पूर्वीपासून त्याच खणात पडतात. नखाएवढ्या तुकड्यावर दोनशे अंडी असतात, तुला माहीत आहे. पाकिटाच्या झाकणाचा डिंक दमट हवेत नुसत्या स्पर्शाने धरतो.

तू हे का विचारलंस, तेही मला कळलं. नऊ वर्षांपूर्वी तुला आलेलं एक पाकीट तू पतंगघरात, तुझ्या टेबलावर उघडलं होतंस. तेही त्या खणात होतं. थोडा वेळ.

हात चालत नाही पुढे. खेप पाठवते. यावेळी पाकीट घरी, स्वयंपाकघरात बंद केलंय.

ताई


३ एप्रिल

बारके,

पोच आलेली नाही. पहिल्यांदाच.

थोडा वेळ म्हणजे चार दिवस.

त्या वेळी सोमवारी टपाल मी घेतलं. पाकिटावर संस्थेचा शिक्का होता आणि पाकीट जाड होतं. नकाराला एवढी जाडी नसते. मी ते उघडलं नाही. नुसतं खणात ठेवलं. म्हटलं, संध्याकाळी देऊ. संध्याकाळी तू बाबांना हसवत होतीस, ते पतंग मोजताना शिंकतात त्याची नक्कल करून, आणि मला वाटलं उद्या देऊ. तुला आठवतं का, त्या आठवड्यात तू रोज पहिल्या वाटीखालून एकच चिठ्ठी पाठवायचीस: ‘टपाल आलं?’ आणि मी कागदावर ‘नाही’ लिहून काचेला लावून धरायची. चार दिवस मी तुला काचेतून नाही म्हटलं. पाकीट माझ्या गुडघ्यापाशी खणात होतं. तेच काचेला लावून धरलं असतं तर काम झालं असतं.

तू जाऊ नयेस असं मला वाटत होतं. बस, एवढंच आहे. आनंदबिनंद नंतर झाला. तू गेलीस की खिडकीपलीकडे कुणीतरी परकं माणूस येणार, आणि बाबांच्या रागाला मी एकटी पुरणार नाही, हेच डोक्यात होतं. रुजू व्हायची तारीख उलटून जाईल, असंही एकदा मनात आलं. आलं होतं, खोटं कशाला बोलू.

शुक्रवारी माझीच मला लाज वाटली. पण आता हातात कसं देणार? तू पाकिटावरचा शिक्का बघून विचारलं असतंस, एवढे दिवस कुठे होतं. म्हणून तू जेवायला गेलीस तेव्हा मी माशीघरातून उठून, त्याच झग्यात, पतंगघरात आले. मी. दारावरचा नियम जिच्या तोंडी असतो ती. पाकीट तुझ्या चाळणीखाली ठेवलं आणि पळत परत गेले. मोजून वीस पावलं. मग तू आलीस, चाळणी उचललीस, पाकीट फोडलंस आणि काचेपाशी येऊन नाचलीस. पत्र काचेला लावून धरलंस मला दाखवायला. मी इकडून टाळ्या वाजवल्या.

माश्या त्या पाकिटातून गेल्या की माझ्या बाह्यांवरून, देव जाणे. पण गेल्या माझ्यामुळे. अंडी काळी पडली त्या दिवशी बाबांनी आपल्याला बोळात उभं केलं आणि विचारलं, कोण गेलं होतं पलीकडे. मी म्हटलं, मी माशीघराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. मी कधीच नियम मोडत नव्हते, त्यांनी पुढे विचारलंसुद्धा नाही. ते तुझ्याकडे वळले. तू म्हणालीस, ‘ताई, मी रोज आंघोळ करून आत जाते. तू तरी सांग.’ आणि मी हातातल्या कार्डाकडे बघत राहिले. बाबांनी नोंदवहीत ‘पतंगघरप्रमुखाचा निष्काळजीपणा’ असं लिहिलं, तुला म्हणाले जा, आणि परत पाऊल टाकू नकोस. तुला सोडायला फाटकापर्यंतही कुणी आलं नाही. मी माशीघरात होते. तिथून रस्ता दिसत नाही.

रविवारी हे सगळं बाबांना सांगितलं. जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला. म्हणाले, ‘तिला मी नऊ वर्षं दाराबाहेर ठेवलं. आणि तू रोज समोर बसून मला वाढत होतीस.’ त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. जुनी नोंदवही मागवली, मावशींकडून ती ओळ शोधून घेतली, बोट ठेवायला लावलं आणि त्यावर पेनाने इतक्या रेघा ओढल्या की कागद फाटला. मागच्या पानावरची नोंदही गेली.

तू ये असं आता मी म्हणत नाही. कुठल्या तोंडाने म्हणू.

ताई


१७ एप्रिल

बारके,

ही सहावी खेप. तुझ्याकडून ना पोच, ना शेरा. कार्डं पोचताहेत की तू खोकं तसंच कोपऱ्यात सारतेस, कळायला मार्ग नाही. निदान कार्डं लाव गं. माश्यांचा काय दोष.

बाबा अजून बोलत नाहीत. चहा दिला की मावशींना सांगतात, साखर कमी आहे म्हणून सांगा तिला. मी समोर उभी असते. मला राग येत नाही. उलट थोडं हलकं वाटतं, खोटं वाटेल तुला. नऊ वर्षं हे माणूस मला शहाणी समजत होतं, ते ओझं उतरलं.

चार वाजले की आता मीही थांबते. मावशींची थाड थाड संपली की मी आपली काचेकडे बघते. मावशी हात हलवतात, त्यांना वाटतं मी त्यांच्याकडे बघतेय. मग मीही हात हलवते. तुझी फार आठवण येते. सकाळी येते, कुणी शिंकलं की येते, निळा स्वेटर घातला की येते. उन्हाळा लागला तरी मी तो घालते.

खोक्यात कार्डं दीडशे आहेत आणि एक जास्तीचा कागद आहे, डिंक न लावलेला. तो बाबांनी कापून त्यावर काहीतरी लिहिलंय. डोळ्यांनी दिसत नाही, ओळीवर ओळ चढलीय. मला वाचता आलं नाही आणि विचारायची सोय नाही. तुला कदाचित लागेल.

ताई


२ मे, सकाळचे अकरा
माशीघर

बारके,

मोठ्या अक्षरात लिहितेय. चार पानं होतील, एकेक काचेला लावून धरणार आहे. मान डोलावलीस की पुढचं.

दहाच्या सुमारास बोळात बाबांचा आवाज आला. महिनाभर माझ्याशी न बोललेला माणूस एवढं कुणाशी बोलतोय असं वाटलं, मग म्हटलं रेडिओ असेल. मग पहिली वाटी आली. मावशी अंडी शीग लावून भरतात, ही कडेपर्यंत सारखी केलेली होती. माझ्या लक्षात नाही आलं. दुसऱ्या वाटीवर झाकलेल्या कागदाचा एक कोपरा, तू दुमडायचीस तसा, आत दुमडलेला. तरी नाही. म्हटलं, मावशी सुधारल्या. मग तिसरी वाटी आली आणि दोनदा टकटक झाली.

मी हातातलं कार्ड कुठे ठेवलं ते अजून सापडलेलं नाही.

तू तुझा जुना राखाडी झगा घातलायस. बाबांनी तो टाकू दिला नव्हता, ट्रंकेत कुठे आहे ते त्यांनाच माहीत होतं. केस ओले आहेत. म्हणजे मला भेटायच्या आधी, एवढ्या लांबून येऊन, तू डोक्यावरून आंघोळ केलीस आणि सरळ कामाला लागलीस. मी रडतेय ते तुला दिसतंय, तेव्हा लिहीत नाही. तू केवढी बारीक झालीस. स्वयंपाक कोण करतं, त्याचं उत्तर शेऱ्यात दिलं नव्हतंस, ते आता दिसलं.

मी तिकडे येऊ शकत नाही. सकाळी सातपासून इथे आहे, माझ्या केसांत, बाह्यांवर माश्या असतील. वीस पावलं आहेत. कधीची पळत येऊ बघतेय आणि कधीची खुर्चीला धरून बसलेय. यावेळी येणार नाही. उद्या सकाळी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून येईन, तू उद्यापर्यंत राहिलीस तर.

तू मात्र इकडे येऊ शकतेस. नियमात बसतं. फक्त एक आहे, तुला माहीत आहेच, तरी लिहिते: एकदा इकडे आलीस की आज परत तिकडे जाता येणार नाही. दिवस संपेपर्यंत माझ्यापाशीच राहावं लागेल.

हे शेवटचं पान. आता मी कागद खाली करते. काचेत तू दिसली नाहीस तर दाराकडे बघेन.

ताई